आजोबांच्या चालींच्या वह्या कोणाच्या?

प्रश्न : माझे आजोबा संगीत नाटकांना चाली देत. १९८१ साली ते गेले, मृत्युपत्र नव्हते. पुढे थोरल्या काकांनी त्यांच्या नोटेशनच्या वह्या, पत्रे आणि नाटक कंपनीचे करार एका ग्रंथसंग्रहालयाला दिले. आता एक निर्माता त्यातले एक नाटक पुन्हा काढतो आहे. नाटककाराच्या मुलाने परवानगी दिली, वह्यांच्या प्रती संग्रहालय देणार, मग तुम्हाला कशाला विचारायचे, असे तो म्हणतो. वह्या परत मागाव्यात का?

उत्तर : निर्मात्याचे म्हणणे टिकणारे नाही. कागद ही एक मालमत्ता, त्यावरची चाल ही दुसरी. काकांनी वह्या दिल्याने चालींचा स्वामित्वहक्क संग्रहालयाकडे जात नाही. त्यासाठी स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी हस्तांतर लागते. नाटककाराच्या मुलाची परवानगी शब्दांपुरतीच, कारण या कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येतून गायचे शब्द वगळले आहेत. ‘मानापमान’चेच बघा. पदे खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर १९४८ मध्ये वारले, म्हणून शब्दांवरचा हक्क २००८ अखेर संपला. टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणून चालींवरचा २०१५ अखेर. मृत्यूनंतरची साठ वर्षे मोजली, तर तुमच्या आजोबांच्या चाली २०४१ अखेरपर्यंत मोकळ्या होत नाहीत. जी पदे कधी गायलीच गेली नाहीत, छापली नाहीत, त्यांची साठ वर्षे तर प्रसिद्ध झाल्यावरच सुरू होतील.

पण चाल आजोबांची स्वतःची किती, हे आधी तपासा. जुन्या वह्यांत पदाच्या डोक्यावर राग-ताल आणि पुढे ‘चाल’ म्हणून एखाद्या बंदिशीचे तोंड लिहिलेले असते. जिथे तसे आहे, तिथे मूळ बंदिशीवर तुमचा हक्क नाही. तिच्यात आजोबांनी नवे काय केले, तेवढेच तुमचे. समोरचा वकील पहिल्यांदा नेमके हेच पान उघडेल. म्हणून पदवार यादी करून ठेवा. करारही वाचा. आजोबा कंपनीत महिना पगारावर नोकरीला होते, की नाटकागणिक बिदागी घेत? पगारी नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालक, करारात वेगळे काही नसेल तर, कंपनी ठरते. तसे निघाले तर सगळाच डाव बदलतो.

आता वह्या. हिंदू वारसा कायदा तुम्हाला लागू असेल, तर १९८१ मध्ये आजी, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा होता. आत्यांना विसरू नका. घरोघरी हमखास विसरतात. काका एकटे मालक नव्हतेच, त्यामुळे फार तर आपला वाटा ते देऊ शकत होते. त्यांना मिळालेली पोच शोधा. ‘भेट’ लिहिले आहे की ‘जतनासाठी ठेव’, यावर बरेच अवलंबून आहे.

तरी वह्या परत मागण्याची घाई नको. ठेवलेली वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षे, आणि ती मोजतात मागणीनंतर नकार मिळाल्या दिवसापासून. तुम्ही रागाच्या भरात पत्र टाकाल, ते ‘देत नाही’ असे कळवतील, आणि मुदत चालू होईल. शिवाय खरे सांगायचे तर माळ्यावरच्या ट्रंकेपेक्षा कागद तिथे बरे आहेत. सार्वजनिक, विनानफा ग्रंथालयाने जतनासाठी स्कॅन करायला कायद्याची हरकत नाही. तुम्ही एवढेच लिहा, की वारसांच्या लेखी संमतीशिवाय प्रयोगासाठी प्रती देऊ नयेत, आणि तुमच्यासाठी एक संच मागून घ्या. आजोबांना आलेल्या पत्रांवर मात्र हात ठेवू नका. त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा.

निर्मात्याला सर्व वारसांच्या सहीने नोटीस द्या, पण त्यातच बोलणीचे दार उघडे ठेवा. प्रयोगागणिक मानधन आणि जाहिरातीत संगीतकार म्हणून आजोबांचे नाव, या दोन गोष्टी सोडू नका. नावाचा हक्क कलम ५७ देते आणि वारसांना तो बजावता येतो. करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. लिहिले नाही तर कायदा पाच वर्षे आणि फक्त भारत असे धरतो, त्यामुळे अमेरिकेच्या दौऱ्याचे पैसे वेगळे ठरवावे लागतील.