पाखरांची विचारपूस

प्रश्न : भाच्याने मोबाईलवर एका पक्ष्याचा फोटो दाखवला. रंग पोपटासारखा हिरवागार, चोच मात्र ही मोठी, काळी-पिवळी. खाली ‘टूकॅनेट’ असं लिहिलं होतं. हा आपल्या ककणेराचाच छोटा भाऊ का? आंबोलीला दिसेल का?
— एक शिक्षिका, देवरूख

उत्तर : बाई, फोटो बहुधा पाचू टूकॅनेटचा असावा. टूकन कुळातला हा लहानखुरा पक्षी, लांबी फूटभर, फार तर थोडी जास्त. मेक्सिकोपासून खाली मध्य अमेरिकेतल्या डोंगरांवर, ढग उतरतात अशा ओल्या जंगलांत तो राहतो. आंबोलीत धुकं कितीही दाटलं तरी तो तिथे दिसायचा नाही. अख्खं टूकन कुळच अमेरिकेतलं.

आणि ककणेराचा, म्हणजे धनेशाचा, तर तो कोणीच नाही! हा घोळ चोचीमुळे होतो. फांदीच्या टोकाची फळं बसल्या जागेवरून तोडायला लांब चोच सोयीची, म्हणून दोन खंडांत दोन वेगळ्या घराण्यांना ती आपापली मिळाली. धनेश हुदहुदाच्या गोतावळ्यातला. टूकॅनेटचे नातलग म्हणजे सुतार, तांबट आणि तुमच्या परसात दुपारभर ‘कुटुर्र-कुटुर्र’ करून डोकं उठवणारा कुटूरगा. तोही हिरवाच.

पटत नसेल तर पाय बघा. टूकॅनेट आणि कुटूरगा, दोघांचीही दोन बोटं पुढे, दोन मागे. धनेशाची तीन पुढे, एक मागे, आणि पुढची बुडाशी जुळलेली.

संसाराची तऱ्हाही निराळी. ककणेराची मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि फटीतून नर भरवील तेवढ्यावर राहते. आमच्या वाडीत काजऱ्याला फळं धरली की नराच्या खेपा चालतात, ते बघत मी चहा गार करतो. टूकॅनेटकडे असलं बंदिवान बाळंतपण नाही. बहुधा सुताराने सोडलेली ढोली घ्यायची, त्यात पांढरी अंडी, आणि नर-मादी आळीपाळीने उबवतात. अडीच आठवड्यांच्या आत पिल्लं निघतात, पण ती उघडी, आंधळी. बाहेर पडायला त्यांना सहा आठवडे लागतात. कुटूरगाही नर-मादी मिळूनच उबवतो. फक्त ढोली स्वतः पोखरतो, म्हणजे भावापेक्षा कष्टाळू म्हणायचा.

फोटोत बहुतेक न दिसणारी एक गंमत सांगतो. टूकनच्या शेपटीच्या मणक्यांचा सांधा असा असतो की झोपताना शेपूट वर उलटून पाठीवर घेता येते. चोच पाठीवर, वरून शेपूट, पक्ष्याचा नुसता पिसांचा गोळा. एवढं अवजड दिसणारं नाक पेलतं कसं, तर आत पोकळ्या-पोकळ्यांचं हाड आणि वरून पातळ कवच; वजन फारसं नसतंच. भाच्याला हेही सांगा, की हा फळखाऊ साधुसंत नव्हे. किडे, सरडे खातो, दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लंही उचलतो.

आंबोलीला जायचंच असेल तर धनेशासाठी जा. वड-उंबर फळावर आलेले बघा आणि सकाळी लवकर पोचा. धबधब्यावरच्या गाड्या सुरू झाल्या की काही खरं नाही.