रेड-५ संचातील एक डिस्क खराब होऊ लागली आहे. ती काढून नवी लावली तर चालेल का?

आपण लिहिले आहे की घरच्या लिनक्स संगणकात ४ टीबीच्या चार डिस्कांचा रेड-५ संच (एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी अशी एकत्र जोडलेल्या डिस्कांची मांडणी) आहे, त्यातील एका डिस्कच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तीत, ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा वाढत चालला आहे, आणि संगणक बंद करून ती काढावी व तिच्या जागी नवी लावावी असा आपला बेत आहे. डिस्क जरूर बदला, पण जुनी आधी काढू नका.

रेड-५ मध्ये एक डिस्क गेली तरी माहिती टिकते. मात्र ती गेल्यानंतर, नवी डिस्क पूर्ण भरेपर्यंत, संचाला दुसरा कोणताच आधार उरत नाही. नवी भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत, म्हणजे १२ टीबी, वाचाव्या लागतात. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटांमागे, म्हणजे सुमारे १२.५ टीबीमागे, जास्तीत जास्त एक वाचनदोष असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात डिस्क याहून पुष्कळ बऱ्या वागतात, पण एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच वयाच्या तीन डिस्कांवर मी तरी हा जुगार खेळणार नाही. आपली आजारी डिस्क अजून बहुतांश वाचता येते, आणि तोच आपला आधार आहे. लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या आज्ञावलीत ‘रिप्लेस’ हा पर्याय असून त्यासाठीची सोय २०१२ मधल्या ३.३ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) आहे. नवी डिस्क आधी स्पेअर, म्हणजे राखीव, म्हणून जोडून हा पर्याय वापरला, की जुन्या डिस्कवरून थेट नव्यावर नक्कल होते आणि जिथे जुनी वाचता येत नाही तेवढ्याच जागा इतर तीन डिस्कांवरून भरून काढल्या जातात.

यासाठी पाचवे साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची केबल जोडायची जागा, लागते. ते मोकळे नसेल तर डीव्हीडी ड्राइव्हची केबल आणि वीजजोड तात्पुरती काढून घ्या. घरोघरी तो ड्राइव्ह आता शोभेलाच उरला आहे.

त्याआधी, जे फोटो आणि कागदपत्रे पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. अहवालात १९९ क्रमांकाचा ‘सीआरसी एरर’ही (डिस्क आणि संगणक यांच्यातील देवाणघेवाणीतल्या चुका) वाढत असेल, तर केबलही बदलून पाहा, कारण तो दोष बहुधा केबलचा असतो, १९७ क्रमांकाचे पेंडिंग सेक्टर मात्र डिस्कच्या पृष्ठभागाचेच दुखणे सांगतात. डिस्क ओळखताना ‘एसडीसी’सारख्या नावावर विसंबू नका, संगणक पुन्हा सुरू झाला की ही नावे बदलू शकतात. स्मार्ट अहवाल दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेने दिलेला अनुक्रमांक डिस्कच्या लेबलशी जुळवा. माझ्या प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेवर त्याचे शेवटचे चार अंक चिकटपट्टीवर लिहिलेले आहेत, त्यामुळे टॉर्च घेऊन कॅबिनेटमध्ये डोके घालावे लागत नाही.

नागपूरच्या सीताबर्डीला डिस्क घ्यायला जाल तेव्हा ‘४ टीबी द्या’ एवढेच सांगून भागणार नाही. मॉडेल क्रमांक मागून ती सीएमआर (माहितीचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी) आहे की एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी), हे निर्मात्याच्या संकेतस्थळावर तपासा. एसएमआर डिस्कवर सलग मोठे लिखाण आणि त्यातच घरातल्यांच्या फाइलींची ये-जा सुरू राहिली तर ती फार मंदावते. नाससाठी (नेटवर्कवरून सर्वांना वापरता येणाऱ्या साठवणुकीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, हे वेस्टर्न डिजिटल या निर्मात्या कंपनीने २०२० मध्ये मान्य केले होते, तेव्हा नुसत्या खोक्यावरच्या शब्दांवर जाऊ नये.

आता वेळ कोणती निवडावी? सेकंदाला सरासरी १५० एमबी धरले तरी ४ टीबीला सात-साडेसात तास लागतात. मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत हे काम सुरू करू नका. रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू करा, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावा, आणि डिस्कचे तापमान ५० च्या वर जाऊ लागले तर संचाच्या नकलेचा वेग मर्यादित करा. कूलर थेट समोर ठेवू नका, त्याचा ओलावा आणि तुषार यंत्राला मानवत नाहीत. यूपीएस हवाच, वीज गेल्यास तो काही तास चालणार नाही, पण संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ देतो.

नक्कल पूर्ण झाल्यावर जुनी डिस्क आपोआप ‘फॉल्टी’ म्हणून नोंदली जाते. मग ती संचातून काढून टाका, संगणक बंद करा आणि अनुक्रमांक पाहूनच बाहेर घ्या. त्यानंतर संचाची एक पूर्ण ‘चेक’ तपासणी, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून त्यांचा मेळ पाहणारी फेरी, चालवा, आणि ती विनाअडथळा पार पडेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका किंवा वॉरंटीसाठी दुकानात देऊ नका.