पंखा मंदावला, कंडेन्सर फुटला नाही

प्रश्न : यंदा पावसात आमचा छताचा पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरायचा. इलेक्ट्रिशियनने कंडेन्सर बदलला आणि तो पळायला लागला. मुलाने जुना कंडेन्सर फोडला, तर आत चंदेरी प्लास्टिकची गुंडाळी! प्लास्टिक वीज कशी साठवतं? असे पुष्कळ जोडले तर इन्व्हर्टरच्या बॅटरीचं काम भागेल का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : ताई, ती गुंडाळी पॉलिप्रॉपिलीनची. मालीम जेटीवर ट्रॉलरचे दोर बघा, त्यातलेही बरेच याच प्लास्टिकचे. इथे ते उभंआडवं ताणून पाच-सहा मायक्रॉनचं केलेलं असतं. आपला केस त्याच्या दहापट तरी जाड. वरची चंदेरी झाक म्हणजे वाफेने चढवलेलं जस्त आणि ॲल्युमिनियम. धातूच्या दोन थरांमधल्या प्लास्टिकवर विजेचा ताण पडतो, ऊर्जा साठते ती त्या ताणात.

या प्लास्टिकचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विजेच्या ताणात ऊर्जा साठवायची कुवत, जेमतेम २.२. पीव्हीडीएफ नावाच्या पॉलिमरचा दहाच्या आसपास. तरी पंख्यात पीव्हीडीएफ चालत नाही, कारण एसी म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर तो बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतो. पॉलिप्रॉपिलीन जवळपास काहीच घालवत नाही. शिवाय चांगल्या प्रतीची फिल्म मायक्रॉनमागे सहाशे व्होल्टपर्यंत सोसते, आणि व्होल्टेज दुप्पट झालं की ऊर्जा चौपट. इतका स्वस्त आणि इतका गुणी माल माझ्या धंद्यात दुसरा नाही. दुखणं एकच, उष्णता. ८५ अंश सेल्सिअसपुढे व्होल्टेज उतरवावं लागतं, १०५ च्या आसपास हद्द संपते. इलेक्ट्रिक गाड्यांच्या इन्व्हर्टरमध्ये म्हणूनच त्याला थंड ठेवायची एवढी खटपट.

आता तुमचा पंखा. फिल्ममध्ये कच्ची जागा फुटली की तिथली ठिणगी भोवतालचा धातू उडवून टाकते. भोक एकटं पडतं, कंडेन्सर चालू राहतो, पण दर वेळी थोडी क्षमता जाते. त्यात आपली दमट हवा. सील चिरलं की ओल आत शिरते आणि जस्त गंजतं. मुलाने फोडलेली पट्टी उजेडात धरा. चंदेरी रंग उडून आरपार दिसणारे ठिपके, कडेला झिजलेली किनार दिसेल. म्हापशाला माझ्या रिवाइंडिंगच्या टेबलावर २.५ मायक्रोफॅरड (क्षमता मोजायचं एकक) छापलेले असे कंडेन्सर येतात, मीटर १.६ दाखवतो. मोटरच्या दुसऱ्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, करंट या कंडेन्सरमधूनच जातो; तो कमी, की पंख्याचा जोर गेलाच.

बॅटरीचं मात्र विसरा. २.५ मायक्रोफॅरडमध्ये, २३० व्होल्टच्या शिखरालासुद्धा, ०.१३ ज्यूल मावतात. साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये दहा हजारांच्या घरात! कंडेन्सरचं काम क्षणात घेणं, क्षणात देणं.

नवा घेताना जुन्यावरचाच मायक्रोफॅरडचा आकडा आणि ४४० व्होल्ट एसी बघून घ्या. हात लावण्याआधी मेन स्विच बंद, आणि प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही टोकांना टेकवून उरलेली वीज काढा. स्पीड वाढेल म्हणून २.५ च्या जागी ३.१५ बसवून देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, वाइंडिंग तापतं आणि पंखा माझ्याकडे येतो.