मीटरच्या डब्यामागं सापाची कात

प्रश्न: ताई, आमचं घर अंबाजोगाईजवळच्या खेड्यात, जुनं माळवदाचं. मीटरच्या डब्यामागं भिंतीला भोक आहे तिथं एका काळ्या पाखरानं घरटं केलंय. काल मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर तीन अंडी अन् त्याच्याखाली चक्क सापाची कात! आई म्हणती काढून टाक ते, साप येईल. तेच पाखरू रोज सकाळी माझ्या गाडीच्या आरशाला चोची मारतं अन् सगळं शिटून ठेवतं. काय करू?

उत्तर: दादा, घरटं अजिबात काढू नका, हात जोडून सांगते. हा चिरक आहे. नर काळाभोर, खांद्यावर पांढरा ठिपका, अन् शेपटी उभी केली की खाली तांबूस रंग दिसतो, बघा जुळतंय का. मादी मातकट रंगाची, तिला तो पांढरा ठिपका नसतो म्हणून ती पटकन ओळखू येत नाही.

आता कातीचं. साप तिथं आला नव्हता, कात पाखरानंच आणलीये. गवत, कापूस, शेळीचे केस असं मऊ मऊ गोळा करताना चिरक सापाची कातही उचलतो, ही त्याची नेहमीची सवय आहे. माझ्या माहेरी परभणीकडं विहिरीच्या कठड्यात एक जोडी होती, चोचीत वीतभर कात धरून बसलेला चिरक मी तिथं बघितलाय, वाऱ्यानं ती पन्नीसारखी फडफडत होती अन् तो काही सोडंना. तर आईंना हे नीट समजावून सांगा, त्यांची भीती खरी आहे, पण त्या कातीमुळं साप येत नाही.

आरशाचं म्हणाल तर विणीच्या दिवसात नराला आपल्या हद्दीत दुसरा नर खपत नाही, अन् आरशातला तो दुसराच आहे असं त्याला वाटतं, म्हणून तासनतास भांडत बसतो बिचारा. गाडी लावली की दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवा, झालं.

अंडी मादी एकटीच उबवते, दहा-बारा दिवस. तेवढे दिवस टॉर्च मारून बघणं बंद करा. पिल्लं निघाली की दोघंही किडे आणून भरवतात, संध्याकाळी अंगणातल्या बल्बखाली किडे टिपताना दिसतील. मीटरचं काही काम निघालं तर वायरमनला पिल्लं उडेपर्यंत थांबायला सांगा, अन् मांजर असेल तर खालचं स्टूल तेवढं आजच हलवा.