स्पर्धेसाठी पिस्तूल घ्यायचंय: .२२, .३२ की ९ एमएम?

तुम्ही लिहिलंय की वय २४, राहणार नागपूर. वर्षभर दहा मीटर एअर पिस्तूल चालवताय आणि आता ‘बारुदाच्या’ पिस्तुलाकडे वळायचंय. यूट्यूबवर सगळे ९ एमएम चालवताना दिसतात, क्लबातला एक जण .३२ घे म्हणतो, आणि घरी वडिलांच्या नावावर .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, ते चालेल का, हाही प्रश्न आहे.

.२२ एलआर (लाँग रायफल), भाऊ. यात फार डोकं लावू नका. आणि ‘घेऊ का’ असं विचारलंत म्हणून सांगतो, सुरुवातीला विकत घेऊच नका, क्लबचं चालवा. कारण पुढे सांगतो.

आपल्या खेळात कॅलिबर आपण निवडत नाही, आपण इव्हेंट निवडतो. बोअर (नळीच्या भोकाचा व्यास), ट्रिगरचं वजन, नळीची लांबी हे सगळं त्या इव्हेंटचं नियमपुस्तक ठरवतं. पुरुषांसाठी २५ मीटरवर तीन इव्हेंट आहेत. रॅपिड फायर, म्हणजे पाच टार्गेटांवर पाच गोळ्या, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. लंडनला २०१२ मध्ये विजय कुमारने रौप्य मिळवलं ते यातच. दुसरा स्टँडर्ड पिस्तूल: पाच गोळ्यांना आधी १५० सेकंद, मग २०, मग १०. हे दोन्ही .२२ एलआरचे, तिथे दुसरं काडतूस चालतच नाही. (रॅपिड फायरला पूर्वी .२२ शॉर्ट असायचं. २००५ पासून तेही बंद झालं.) तिसरा सेंटर फायर. एवढ्या एकाच ठिकाणी ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंत मोकळीक आहे, आणि तुमच्या क्लबातला माणूस .३२ म्हणतोय तो याच इव्हेंटबद्दल बोलतोय. महिलांचा २५ मीटर पिस्तूल इव्हेंट पूर्ण .२२ चाच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते त्यातलं. ५० मीटर फ्री पिस्तूलसुद्धा .२२ वरच होतं, पण रिओनंतर ते ऑलिंपिकमधून गेलं आणि आता त्याच्या मागे लागण्यात राम नाही.

म्हणजे तीनपैकी दोन इव्हेंट तुम्ही .२२ घेतल्याशिवाय खेळूच शकत नाही. आणि ऑलिंपिकमध्ये आहे तो एकटा रॅपिड फायर, तोही .२२ चाच. इथेच निम्मा निकाल लागला.

९ एमएमचं आधी आटोपतो. यूट्यूबवर दिसतं ते प्रॅक्टिकल शूटिंग, आपलं नव्हे. त्यात पळत, वळत, आडोशामागून मारायचं असतं आणि काडतूस किमान इतक्या ताकदीचं हवंच असा नियम असतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट-सेकंदात, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार, तो आकडा १२५ च्या वर पाहिजे. सहज आणि स्वस्तात तिथवर पोचणारं काडतूस म्हणजे ९ एमएम, म्हणून सगळ्यांच्या हातात तेच. आपल्याकडे मात्र ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे. सर्वसामान्य नागरिकाला तो परवाना आयुक्तालयातून मिळत नाही, ते प्रकरण थेट केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे जातं. विषय संपला.

आता .३२ बद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे आणि क्लबातला तो माणूस अगदीच चुकीचं सांगत नाहीये.

सेंटर फायरमध्ये ६० गोळ्या. पहिल्या ३० प्रिसिजनच्या, पाच गोळ्यांच्या सिरीजला पाच मिनिटं. उरलेल्या ३० मध्ये टार्गेट तीन सेकंद समोर, सात सेकंद बंद, आणि त्या तीन सेकंदांत एकच गोळी मारायची. हात ४५ अंशांत खाली ठेवायचा, टार्गेट उघडलं की उचलायचा, मारायचा, पुन्हा खाली. लक्षात आलं का? लागोपाठ दुसरी गोळी कुठेच नाही. धक्क्याने पिस्तूल वर गेलं तरी ते खाली यायला सात सेकंद आहेत. त्यामुळे “.३२ ला रिकॉइल जास्त, साइट परत यायला वेळ लागतो” हे जे ऐकू येतं, ते या इव्हेंटपुरतं तरी फारसं लागू नाही. रिकॉइल नडतो तो वेगळ्याच जागी, म्हणजे तुमच्या डोक्यात.

हिशेबच बघा. गोळीचं वजन गुणिले वेग. एअर पिस्तूलचा छर्रा अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण १५० मीटर. .२२ ची गोळी ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम, पिस्तुलाच्या नळीतून निघते ३०० च्या आसपास. म्हणजे एअर पिस्तुलाच्या दहापट एकदम. .३२ वॉडकटरची (सपाट तोंडाच्या मॅच काडतुसाची) गोळी ९८-१०० ग्रेनची, सव्वासहा-साडेसहा ग्रॅम, पण सावकाश, २३०-२४० मीटर. ते .२२ च्या दुप्पट. ९ एमएम त्याच्याही दुप्पट. तुम्ही एअरवरून .२२ वर जाता तीच मोठी उडी आहे, आणि ती पचायच्या आत .३२ हातात घेतलं की फ्लिंच लागतो, म्हणजे धक्का यायच्या आधीच हात दचकतो. एकदा लागला की जाता जात नाही.

ओळखायचं कसं, तर कोचला सांगून मॅगझिनमध्ये मधेच एक डमी काडतूस घालायला लावा, कितवं ते तुम्हाला कळू न देता. धडाम, धडाम, आणि मग नुसतं ‘टक्’. त्या टक्कन वाजण्याच्या क्षणी नळीचं तोंड दोन बोटं खाली झुकलेलं दिसेल. मनगटाने येणाऱ्या धक्क्याला आधीच उत्तर दिलेलं असतं. एअरवर ५६०-५७० मारणारी पोरं हे बघून गप्प होतात, कारण इतकं हलतंय हे त्यांना जाणवलेलंच नसतं. .२२ वर हा झुकाव सुधारता येतो, कारण पुरेशा गोळ्या मारणं परवडतं. .३२ वर प्रत्येक राउंड मोजून मारावा लागतो आणि खोड पक्की होत जाते.

तरीही सेंटर फायरवाले .३८ न घेता .३२ का घेतात, हे समजून घ्यायला हवं. अनेकांना वाटतं, जाड गोळी म्हणजे रेघेला जास्त शिवणार, म्हणजे गुण जास्त. कागदी टार्गेटवर सेंटर फायरला गोळीचं भोक मोजायचा गेज सगळ्यांसाठी एकच, ९.६५ मिलिमीटरचा. तुमची गोळी आठ मिलिमीटरची असो की नऊची, मोजणी सारखी. मग जाडीचा फायदाच उरत नाही, उरतो तो फक्त धक्का. म्हणून मर्यादेत बसणारं सगळ्यात मऊ काडतूस जिंकलं, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. १८९६ चं काडतूस आहे आणि अजून टिकून आहे. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली, तो सेंटर फायरच.

मात्र .३२ म्हटलं की आपल्याकडे एक घोळ होतो. परवान्यावर आणि दुकानात ‘बत्तीस बोर’ एवढंच चालतं. त्यात दोन अगदी निराळी काडतुसं येतात. एक .३२ एसीपी, आखूड, पिस्तुलाचं. दुसरं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, रिव्हॉल्व्हरचं. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही, बसतंय असं वाटलं तरी नाही. सरकारी कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल एसीपीचं आहे, आणि एसीपी बहुधा तांब्याचं जॅकेट असलेल्या गोळीतच मिळतं. आपल्या २५ मीटर इव्हेंटांना गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची लागते, जॅकेटवाली चालत नाही. वॉल्थर, पार्डिनी वगैरेंची सेंटर फायर मॅच पिस्तुलं लाँगची आहेत, आणि त्यातही वॉडकटरची. ही गोळी सपाट तोंडाची, पार पितळी केसच्या कडेपर्यंत आत दाबलेली, लांबून पाहिलं तर काडतुसाला गोळीच नाही असं वाटावं. कागदावर पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ भोक पाडते. रिव्हॉल्व्हरसाठी विकली जाणारी गोल नाकाची काडतुसं या पिस्तुलांच्या मॅगझिनमध्ये मावतच नाहीत. आता हे वॉडकटर नागपुरात दुकानात जाऊन मागा आणि काय मिळतं ते बघा. येतं ते बाहेरून, संघटनेमार्फत किंवा रिनाउन्ड शॉट (राष्ट्रीय स्पर्धेत पात्रता गुण मिळवल्यावर मिळणारा दर्जा) असलेल्या नेमबाजांच्या कोट्यातून, आणि येईल तेव्हा येतं.

.२२ सुद्धा आयातच होतं म्हणा, पण ते सगळ्यांनाच लागतं. त्यामुळे क्लबात, राज्य संघटनेत, शिबिरात कुठे ना कुठे असतंच. माझ्या मते कॅलिबर ठरवायची सगळ्यात व्यवहारी कसोटी हीच आहे: आठवड्याला दीड-दोनशे राउंड तुम्हाला वर्षभर मिळणार आहेत का? पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, काडतूस रोज लागतं. घरी भरायचा विचार असेल तर सोडा. रिमफायर, म्हणजे .२२, तसंही पुन्हा भरता येत नाही, आणि सेंटर फायरचं भरायचं तर तो परवान्याचा वेगळा व्याप.

(अंबाझरीची आयुध निर्माणी आपल्या गावात आहे म्हणून काडतुसं इथेच स्वस्तात मिळत असतील, असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. तिथलं काम तोफगोळ्यांच्या कवचांचं आणि धातूचं. २०२१ मध्ये कारखान्यांच्या कंपन्या झाल्या तेव्हा ती यंत्र इंडियात गेली. लहान काडतुसं खडकी-वरणगावकडची.)

.२२ च्या काडतुसातही निवड आहे. डब्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेलं घेऊ नका. मॅच पिस्तुलाचा बोल्ट आणि स्प्रिंग मंद काडतुसासाठी जुळवलेली असते, वेगवान काडतूस ती लवकर खाऊन टाकतं. स्टँडर्ड व्हेलॉसिटी किंवा ‘पिस्तूल’ असं लिहिलेलं घ्या. एकच ब्रँड दोन पिस्तुलांत दोन प्रकारे वागतो, त्यामुळे एखादी लॉट जमली की त्याच लॉटचं जितकं मिळेल तितकं उचला. पण ग्रुपच्या, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात त्याच्या, मागे वेडे होऊ नका. प्रिसिजन टार्गेटचा दहाचा गोल ५० मिलिमीटरचा आहे. शिकंज्यात बांधलेलं बरं पिस्तूल बऱ्या काडतुसाने त्याच्या निम्म्यात मारतं, उरलेला सगळा फरक आपल्या हाताचा.

आणि नागपूर म्हणून एक सांगतो. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना ते मऊ होतं, चिकट होतं, धूळ धरतं आणि मग काडतूस मॅगझिनमधून नळीत चढताना अडतं. डबा सावलीत, झाकून, रेंजवर लागतील तेवढीच काडतुसं बाहेर. गाडीत तर ठेवायचीच नाहीत, ते उन्हासाठीही आणि कायद्यासाठीही.

आता विकत घेऊ नका का म्हणालो ते. बाहेरचं मॅच पिस्तूल साध्या परवान्यावर आयात होत नाही. तो रस्ता रिनाउन्ड शॉट झाल्यावर उघडतो, आणि तिथे पोचायला राज्य स्पर्धा, मग मावळंकर किंवा झोनल (राष्ट्रीयच्या आधीच्या स्पर्धा), मग राष्ट्रीय, तिथे पात्रता गुण, असं जावं लागतं. तोवर क्लबचं .२२ चालवायचं. या सगळ्यात तुमचं एअर पिस्तूल सोडू नका. रोजचा सराव तेच देतं, .१७७ ला परवाना लागत नाही आणि ट्रिगर तिथेच घडतो. फरक एवढाच की एअरचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरचा १००० ग्रॅम. घरी ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबायचा सराव, करताना हजारवर करा. २५ मीटरची रेंज रोज मिळणार नाही हे धरूनच चाला. इथले बरेच जण शिबिरासाठी पुण्याला बालेवाडीला जातात. माझं मत विचाराल तर भोपाळ निम्म्या अंतरावर आहे, तिथलं काही मिळतंय का ते आधी बघा.

क्लबात गेल्यावर पिस्तुलाचं मॉडेल विचारण्याआधी विचारा, गेल्या खेपेला कुठलं काडतूस आलं होतं आणि किती पुरलं. जे पिस्तूल तेच काडतूस न अडकता खातं, ते तुमचं.

राहिलं वडिलांचं रिव्हॉल्व्हर. कागदावर बघितलं तर काडतूस बरोबर आहे, लाँगच असणार. पण नळी जेमतेम तीन-चार इंची, साइट फिक्स, ग्रिप खिशात मावावी अशी, त्यावर २५ मीटरला ५० मिलिमीटरचा गोल शोधत बसाल. त्याहून मोठी अडचण म्हणजे परवाना त्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. ‘जरा रेंजवर घेऊन जातो’ म्हणून ते बॅगेत टाकून निघालात तर आर्म्स अॅक्टखाली तुम्ही अडकाल, आणि ते तर अडकतीलच. त्यांचं नूतनीकरण येईल तेव्हा सोबत जा. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, काटोल-उमरेडकडे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. टार्गेट शूटिंगसाठीचा अर्ज वेगळा असतो, त्याला क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं जोडावी लागतात. एअरची असतील तीही चालतात का ते खिडकीवरच विचारून घ्या, आणि या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, साक्षांकित प्रत काढताना त्रास होतो.