इमॅक्युलेट म्हणजे नेमकं काय?

धुळ्याच्या एका भाऊंनी विचारलंय की जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'इमॅक्युलेट कंडिशन' लिहितात आणि क्रिकेटच्या कॉमेंट्रीतही 'इमॅक्युलेट लाईन अँड लेंथ' म्हणतात, मग हा शब्द आला कुठून आणि मराठीत काय म्हणायचं.

मूळ लॅटिन. 'मॅक्युला' म्हणजे डाग, ठिपका, आणि त्याच्या आधी नकाराचा 'इन', तो पुढच्या म मुळे 'इम' झाला. म्हणजे सरळ अर्थ डाग नसलेला. आपल्याकडे निस् अधिक कलंक याचं निष्कलंक होतं ना, अगदी तीच घडण, मला तर ही जोडी फार आवडते. मॅक्युला तुम्ही डोळ्याच्या दवाखान्यातही ऐकला असेल, डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जो पिवळसर ठिपका असतो तो हाच.

इंग्रजीत हा शब्द १५व्या शतकात आला तो पापाचा डाग नसलेला या अर्थाने, कपडे-गाड्या नंतरच्या. पणजीच्या प्रसिद्ध चर्चच्या नावात 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' आहे, त्याचा अर्थ बरेच जण येशूचा जन्म असा लावतात पण तसं नाहीये, येशूची आई मेरी स्वतः तिच्या आईच्या पोटात आली तेव्हापासूनच मूळ पापापासून, म्हणजे ख्रिस्ती समजुतीप्रमाणे प्रत्येक माणसाला जन्मतःच लागलेल्या पापापासून, मुक्त होती अशी ती श्रद्धा, पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये ती अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर केली.

आता परफेक्ट आणि इमॅक्युलेट एकच का? नाही. परफेक्टच्या मुळात पूर्ण झालेलं असा अर्थ आहे, इमॅक्युलेटमध्ये फक्त खोट नाही एवढंच. रावेर-यावलकडची एक्सपोर्टची केळी बघा, सालीवर एक डाग नाही, ती इमॅक्युलेट, पण गोडी किती ते खाल्ल्यावरच कळणार. इम्पेकेबल (म्हणजे निर्दोष) मात्र याचा सख्खा भाऊ वाटतो, त्याच्या मुळात पाप न करणारा असा अर्थ आहे.

मराठीत एकच शब्द सगळीकडे ठोकू नका हो. चारित्र्य निष्कलंक, कपडे परीटघडीचे, घर लख्ख, बॉलिंग अचूक, आणि गाडी असेल तर सरळ 'एक ओरखडा नाही' म्हणा, कोणालाही कळतं. निष्कलंक गाडी म्हटलं तर कानाला खटकतं, कारण कलंक आपण अब्रूला लावतो, पत्र्याला नाही.

आणि उच्चारात शेवटी 'लेट' असं लांबवू नका, 'लट' सारखं आखूड म्हणा, जोर 'मॅ' वर.