अमेरिका चीनच्या शिनजियांग प्रांतातला कापूस अडवते म्हणजे नेमकं काय करते?

कायदा जुनाच आहे, १९३० च्या टॅरिफ ॲक्टचं कलम ३०७: वेठबिगारीतून तयार झालेला माल देशात येऊ द्यायचा नाही. पण पळवाट होती. अमेरिकेत तो माल गरजेइतका बनत नसेल, तर चालेल! ती बुजवायला २०१६ उजाडलं.

खरा दणका दिला तो उईगुर कायद्याने (उईगुर म्हणजे शिनजियांगमधले मुस्लिम अल्पसंख्याक), २१ जून २०२२ पासून. शिनजियांगमधला माल सक्तीच्या मजुरीचाच, हे आधीच गृहीत. तसं नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. समजा टी-शर्ट व्हिएतनाममध्ये शिवला, पण सूत शिनजियांगच्या कापसाचं असल्याचा संशय आला, की कंटेनर बंदरातच अडकतो. मग शेत, जिनिंग, सूतगिरणी, कापडगिरणी, सगळ्यांची कागदपत्रं दाखवत बसा. टोमॅटो आणि सोलर पॅनेलमधलं पॉलिसिलिकॉन यांच्यावरही असाच डोळा आहे.

मला खटकते ती वेगळीच गोष्ट. अडवलेला माल आयातदार परत दुसऱ्या देशात पाठवू शकतो. म्हणजे अमेरिकेने नाकारलेला शर्ट दुसरीकडे बिनधास्त विकला जातो. युरोपियन युनियनची अशीच बंदी डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे, तेव्हा त्यातली एक मोठी बाजारपेठ कमी होईल.